सूर्यासाठीं चार खांब

सूर्यप्रकाश फुकट मिळतो, असें म्हणण्याचा प्रघात हल्लीं फार पडला आहे. व्याख्यानांतून तें ऐकूं येतें, जाहिरातींतून वाचावयास मिळतें, आणि ज्यांच्या घरीं विजेचें बिल जबर येतें ते गृहस्थ तर हें वाक्य एखाद्या सुभाषिताच्या थाटांत उच्चारीत असतात. वाक्य खोटें नाहीं. पण आगंतुक पाहुण्यासहि बसावयास पाट लागतो आणि तो पाट सुताराकडून पैसे देऊनच आणावा लागतो, ही गोष्ट त्या उत्साहाच्या भरांत कोणी बोलत नाहीं. सौर विजेच्या कामांत हा पाट लोखंडाचा असतो. ज्या निळ्याकाळ्या काचेच्या तक्त्यांवर ऊन पडून वीज उत्पन्न होते, त्यांना आतां सगळेच पॅनेल म्हणतात, तेव्हां आम्हीहि तोच शब्द वापरतों. या पॅनेलांविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिलें जातें. त्यांच्या किमती गेल्या पंधरा वर्षांत जवळजवळ एक-दशांशावर आल्या, हेंहि बहुतेकांस ठाऊक असतें. मात्र तीं कशावर उभीं राहतात याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. लोखंड कांहीं एक-दशांशावर आलेलें नाहीं. त्यामुळें चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी या व्यवहाराची स्थिति होत चालली आहे. आम्हांस गेल्या दिवाळीनंतर या मसाल्याच्या शोधांत तीन महिने हिंडावें लागलें, आणि त्या हिंडण्यांत जें कळलें तें वाचकांपैकीं कोणाच्या तरी उपयोगीं पडेल असें वाटतें.

हा उद्योग आमच्या मागें कसा लागला तें प्रथम सांगितलें पाहिजे. आमच्या काकू दापोली तालुक्यांतील एका खेड्यांत जुन्या घरीं एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें येऊन आदळलें, त्याचा तडाखा दापोली आणि मंडणगड या भागांसहि बसला. माडपोफळींच्या बागा आडव्या झाल्या, कौलें उडालीं, विजेचे खांब काडीसारखे मोडले. कित्येक गांवांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढल्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्यानें गेलें, तेव्हांहि तोच प्रकार थोड्या प्रमाणावर झाला. वीज नाहीं म्हणजे दिवा नाहीं एवढ्यावर भागत नाहीं. विहिरीवरचा पंप चालत नाहीं, म्हणजे पाणीहि नाहीं. त्या दिवसांत त्र्याहत्तर वर्षांच्या काकूंनीं पोहऱ्यानें पाणी काढलें, आणि ही गोष्ट आम्हांस त्यांनीं सांगितलीच नाहीं, शेजाऱ्यांकडून कळली.

तेव्हांपासून त्यांना पुण्यास आणावें हा विषय आमच्या घरीं दर पावसाळ्यापूर्वीं निघतो. धाकटे बंधु मुंबईस असतात; त्यांचाहि हाच आग्रह. काकूंनीं आमचें सगळें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें आणि त्या म्हणाल्या, “अडचण विजेची आहे ना? मग वीज आणा. मला कशाला हलवतां?” यावर द्यावयास आमच्यापाशीं कांहीं उत्तर नव्हतें. म्हणून वीज आणण्याचें ठरलें.

येथें एक गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसते, म्हणून नमूद करतों. सार्वजनिक तारेशीं जोडलेली साधी सौर योजना, तारेंतील वीज गेली कीं आपणहि बंद पडते, मग डोक्यावर कितीहि ऊन तापलेलें असो. ही यंत्रांतील खोट नव्हे. तारेवर चढलेल्या कामगारास आपल्या घरच्या विजेचा झटका बसूं नये म्हणून ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. वादळांत उपयोग व्हावयाचा तर बॅटरी पाहिजे आणि तिला साजेसा इन्व्हर्टर पाहिजे. पंप, चार दिवे, पंखा आणि फ्रिज एवढ्यासाठीं सुमारें ५४० वॉटचीं सहा पॅनेलें, म्हणजे तीन किलोवॅटांहून थोडी अधिक शक्ति, पुरेशी होईल असा हिशेब निघाला. इथपर्यंत सर्व सोपें होतें.

अडचण आली ती जागेची. घराचें छप्पर मंगळुरी कौलांचें. कौलावर पाय पडला कीं कौल फुटतें आणि मृगाच्या पहिल्या सरीला त्याचा पत्ता लागतो, हें कोंकणांत एक पावसाळा काढलेल्यांस सांगावयास नको. शिवाय छपराची उतरण पूर्वपश्चिम आणि पॅनेलांचें तोंड असावें लागतें दक्षिणेस. तेव्हां पॅनेलें अंगणांतच उभीं करावयाचीं. घाटावर असे प्रकार आतां नवे राहिले नाहींत. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ सालीं निघाली, तेव्हांपासून सौर पंपांचीं पॅनेलें शेतांतून खांबांवर उभीं असलेलीं आगगाडींतून जातांनाहि दिसतात. पण घाटावर शेत मोकळें असतें. कोंकणांतल्या अंगणावर माडांचा हक्क असतो. एका पॅनेलावर झावळीची सावली पडली तरी त्याच्याशीं एका माळेंत ओंवलेल्या इतर पॅनेलांचेंहि उत्पन्न घटतें. आणि माडाच्या खालीं काच मांडून ठेवणें म्हणजे नारळास निमंत्रण देणें होय. वानरें तर निमंत्रणाचीहि वाट पाहत नाहींत. खळ्याच्या दक्षिणेस, विहिरीच्या अलीकडे, पंधरा फूट लांब आणि साडेअकरा फूट रुंद एवढी एकच जागा अशी निघाली कीं जेथें सकाळीं नऊपासून दुपारीं चारपर्यंत ऊन असतें. तेथें चार खांब रोवून त्यांवर सहा पॅनेलें दक्षिणेकडे अठरा अंशांनीं कललेलीं ठेवावयाचीं, असें ठरलें. दापोलीचें अक्षांश साडेसतरा-अठराच्या घरांत आहे, म्हणून कलहि तितकाच.

आतां खांब. खांब कशासाठीं, असें विचारलें तर कोणीहि सांगेल कीं वरचा भार तोलण्यासाठीं. एका ठेकेदारानें आम्हांस तेंच सांगितलें आणि अडीच इंची चौकोनी पातळ पाइपांचा अंदाज काढून दिला. भाराचा विचार केला तर त्याचें बोलणें बरोबरच होतें. सहा पॅनेलांचें वजन मिळून पावणेदोनशें किलोंच्या आंतच भरतें. तेवढें ओझें चार कळकसुद्धां कुरकुर न करतां पेलतील. पण पावसाळ्यांत छत्री उघडून समुद्रावर गेलेल्या मनुष्यास ठाऊक असतें कीं छत्रीचा दांडा हातांत घट्ट धरावा लागतो तो छत्री खालीं पडेल म्हणून नव्हे. पॅनेलांचेंहि तसेंच आहे. वाऱ्याचा वेग सेकंदास किती मीटर हें घ्यावें, त्याचा वर्ग करावा आणि त्यास ०.६ नें गुणावें, म्हणजे एका चौरस मीटरावर पडणारा दाब न्यूटनांत मिळतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचें जें भारतीय मानक आहे, त्यांत हाच हिशेब दिलेला आहे. ताशीं १२० किलोमीटरांचा वारा धरला तर हा दाब चौरस मीटरास सुमारें ६८ किलोंइतका येतो. आमच्या सहा पॅनेलांचें क्षेत्र साडेपंधरा चौरस मीटर. म्हणजे पावणेदोनशें किलोंची ही वस्तु वादळाच्या ऐन भरांत हजार किलोंच्या जोरानें आभाळाकडे निघूं पाहते. वेग १५० धरला तर हाच जोर सोळाशें किलोंवर जातो, कारण वेग सव्वापट झाला कीं दाब दीडपटीच्या वर जातो. हा हिशेब ढोबळ आहे. कलाप्रमाणें आणि खालच्या मोकळ्या जागेप्रमाणें त्यांत फरक पडतो. तरी त्यावरून एवढें उघड होतें कीं या खांबांचें मुख्य काम पॅनेलें खालीं धरून ठेवण्याचें आहे, आणि बारा महिन्यांतले अकरा महिने एकोणतीस दिवस ते नुसते उभे असतात.

ठेकेदाराच्या कागदावर वाऱ्याचा उल्लेख नव्हता. आम्हीं तो कागद घडी करून खिशांत ठेवला आणि स्वतः बाजारांत उतरलों.

मुंबईचा लोखंडाचा मोठा बाजार पूर्वीं कर्नाक बंदराजवळ होता; तेथील गर्दी असह्य झाल्यावर तो नव्या मुंबईंत कळंबोलीस नेण्यांत आला. स्वस्त लोखंड तेथेंच मिळावयाचें, असें आम्हांस चारचौघांनीं सांगितलें होतें, आणि तें खरेंहि आहे. प्रश्न एवढाच कीं तें किती घेतल्यास स्वस्त मिळतें. एका पेढीवर आम्हांस आदरानें बसविण्यांत आलें, चहा आला, आणि मालकांनीं विचारलें, “किती टन?” आम्हीं सांगितलें, “दोन पाइप.” मालक सज्जन होते. ते हंसले नाहींत. त्यांनीं दुसरा चहा मागविला आणि दोन पाइप दापोलीपर्यंत नेण्याचें ट्रकभाडें त्या पाइपांच्या किमतीहून अधिक कसें होतें तें कागदावर मांडून दाखविलें. घाऊक बाजारांत किरकोळ गिऱ्हाइकाची अशीच गति होते.

तेथून दारुखाना. नांवावरून भलताच समज होण्याचा संभव आहे म्हणून सांगतों कीं येथील दारू ती बंदुकीची. तिच्या कोठारांवरून रे रोड स्टेशनापलीकडच्या या वस्तीस तें नांव पडलें. जुनीं जहाजें मोडून त्यांचें लोखंड विकण्याचा धंदा येथें पिढ्यान्पिढ्या चालत आला. त्यांतला मोठा भाग १९८३ नंतर गुजरातेंतील अलंगच्या किनाऱ्याकडे गेला. कोणत्या समुद्रावरून कोणतें जहाज आलें आणि त्याच्या पोटांतला हा नळ कशाचा, याचा विचार करीत तेथील ढिगाऱ्यांतून फिरणें ही एक करमणूकच आहे, आणि दरहि नव्या मालाच्या पाऊणपटच होता. पण जुन्या पाइपाचा दोष आंत असतो. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या नळांत आम्हीं विजेरीचा झोत टाकला तेव्हां आंतून पापुद्रे सुटलेले दिसले. हातोडीनें वाजवून पाहिलें तर एकाच पाइपाचा आवाज एका टोंकास टणटणीत आणि दुसऱ्या टोंकास बोदा. असा पाइप कुंपणास चालेल, गोठ्याच्या मेढीस चालेल. वादळास तोंड देण्यास त्याची जाडी किती उरली आहे हें ठाऊक असावें लागतें, आणि तें विकणारासहि ठाऊक नसतें.

अखेर आमचें काम झालें तें अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, तालुक्याच्या गांवच्या एका नळसामानाच्या दुकानांत. पाण्याच्या नळासाठीं जो जस्त चढविलेला लोखंडी पाइप सर्वत्र मिळतो, ज्याला दुकानदार जी. आय. म्हणतात, तो एका ठरीव मानकाप्रमाणें तयार होतो आणि त्याच्या हलका, मध्यम व जड अशा तीन प्रती असतात. ओळखण्यास सोपें जावें म्हणून हलक्यावर पिवळा, मध्यमावर निळा आणि जडावर तांबडा पट्टा असतो. खांब म्हणून विकावयास ठेवलेल्या वस्तूंवर अशी कांहीं खूण आम्हांस कोठें आढळली नव्हती. नळाचा पाइप आंतून पाण्याचा दाब सोसण्यासाठीं केलेला असल्यामुळें त्याच्या जाडींत लबाडी करणें जरा कठीण जातें. आणि केलीच तर ती कांट्यावर उघडी पडते. बाहेरचा व्यास मिलिमीटरांत मोजावा, त्यांतून जाडी वजा करावी, उरलेल्या आंकड्यास जाडीनें गुणावें आणि त्यास पुन्हां ०.०२४६६ नें गुणावें, म्हणजे एका मीटराचें वजन किलोंत मिळतें. चार इंची मध्यम पाइपाचा बाहेरचा व्यास ११४.३ आणि जाडी ४.५ मिलिमीटर, वजन मीटरास सव्वाबारा किलोंच्या जवळ. सहा मीटरांचा पाइप कांट्यावर त्र्याहत्तर-पंचाहत्तर किलो भरला पाहिजे. साठ भरला तर निळा पट्टा कोणी मागाहून ओढलेला आहे असें समजावें. दुकानदारानें आमचा हा हिशेब कुतूहलानें पाहिला आणि पाइप आपण होऊन कांट्यावर ठेविला. तो पंचाहत्तरच भरला.

तीन इंची जड पाइप घ्यावा कीं चार इंची हलका, असाहि एक विचार झाला होता. दोहोंचें वजन, आणि म्हणून किंमतहि, जवळजवळ सारखी. मीटरास दहा किलोंच्या आसपास. पण वांकविण्यास चार इंची पाइप तीन इंचीपेक्षां एक-तृतीयांशानें अधिक जोर मागतो. लोखंड तितकेंच; केवळ तें मध्यापासून दूर पसरल्यानें हा फरक पडतो. ज्वारीचें ताट आणि कळक यांना ही युक्ति आधींपासून अवगत आहे. चार इंची मध्यम त्याहून दणकट, म्हणून आम्हीं तोच पसंत केला.

इथें एका करमणुकीच्या गोष्टीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत सौर साहित्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. नळसामानाच्या दुकानांतील पाइपावर तो १८ टक्के आहे. तोच पाइप नळ म्हणून जमिनींत पुरला काय आणि पॅनेलाखालीं उभा केला काय, पावतीच्या दृष्टीनें तो नळच.

पण खरा वाद जाडीचा किंवा कराचा नव्हता. तो जस्ताचा होता, आणि तो आमच्या घरांतच झाला.

बाजारांत जी. आय. या एकाच नांवाखालीं दोन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात. एका प्रकारांत पत्र्यावर आधींच पातळ जस्त चढविलेलें असतें आणि मग तो पत्रा वळवून त्याचा पाइप करतात. या जस्ताची जाडी एका बाजूस बहुधा आठ-दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटराचा शंभरावा हिस्सा. दुसऱ्या प्रकारांत तयार पाइप वितळलेल्या जस्ताच्या हौदांत बुडवून काढतात. त्यावर पन्नास, ऐंशी मायक्रॉनांचा थर बसतो. दुकानांत दोन्ही सारखेच चमकतात, किंबहुना पातळ थराचाच अधिक चमकतो. समुद्रावरच्या खाऱ्या हवेंत जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन झिजतें असें धरण्याची रीत आहे. म्हणजे ठेकेदाराच्या चौकोनी पाइपावरचें जस्त तीनचार पावसाळ्यांत संपणार आणि मग खालच्या दोन मिलिमीटरांच्या लोखंडास तांबेरा लागणार. वरच्या पॅनेलास मात्र कारखान्याची पंचवीस वर्षांची हमी. नळाच्या पाइपावर जस्ताचा थर पन्नास मायक्रॉनांच्या आसपास असतो. तो बारा-पंधरा वर्षें तरी पुरतो, आणि त्यानंतरहि साडेचार मिलिमीटर लोखंड शिल्लक राहतें.

दोन्हींच्या किमतींत फरक किती? ठेकेदाराचे चार खांब साडेपांच हजारांत होत होते. आमचे दोन पाइप, दीडशें किलो, किलोस पंचाऐंशीप्रमाणें पावणेतेरा हजार. सव्वासात हजारांचा फरक. बॅटरी, इन्व्हर्टर आणि पॅनेलें यांवर लाखांच्या गोष्टी चाललेल्या असतां या सव्वासात हजारांवर दोघां भावांत दोन संध्याकाळ वाद झाला, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण ज्यांच्या घरीं वाडवडिलांचें खेड्यांतलें घर आहे त्यांना वाटणार नाहीं.

बंधूंचें म्हणणें प्रथम शास्त्रीय पायावर होतें. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे आणि गंजत नाहीं, त्याला कोणीं जस्त चढविलें, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें कीं त्या लोखंडांत फॉस्फरसाचें प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळें वर एक संरक्षक पापुद्रा बसतो, असा उलगडा कानपूरच्या आय. आय. टी.तील बालसुब्रमण्यम यांनीं २००० सालीं केला. शिवाय दिल्लीची हवा कोरडी. तो स्तंभ दापोलीच्या किनाऱ्यावर रोवला असता तर त्याचें काय झालें असतें, हें कोणी पाहिलेलें नाहीं. मग बंधूंनीं रंगाची गोष्ट काढली. पातळ पाइप घ्यावा, त्यावर रेड ऑक्साइड आणि तेलरंग द्यावा, दर दोन वर्षांनीं पुन्हां द्यावा, कीं झालें. यांतहि चूक कांहीं नव्हतें. अशा रीतीनें राखलेलें लोखंड पुष्कळ टिकतें.

खरें कारण त्यांच्या ओंठांवर दुसऱ्या संध्याकाळीं आलें, आणि तेंहि पुरतें आलें नाहीं. “पंचवीस वर्षांचा खांब कशाला? काकू आतां अठ्ठ्याहत्तर...” इतकें बोलून ते थांबले. वाक्य पुरें करण्याची जरूरी नव्हती. काकूंच्या मागें त्या घरीं कोण राहणार, हा प्रश्न आम्हां दोघांच्याहि मनांत वर्षानुवर्षें होता. दोघांचींहि मुलें परगांवीं. घर ठेवावयाचें कीं विकावयाचें, हें आम्हीं कधीं बोललों नव्हतों, आणि आतां तें खांबाच्या रूपानें समोर येऊन उभें राहिलें होतें. बंधूंना निष्ठुर म्हणणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. चक्रीवादळानंतर भर पावसांत मुंबईहून निघून, जेथें रस्ता अडला तेथून पुढें पायीं चालत काकूंपर्यंत पोंचलेले तेच एकटे होते. आम्ही त्या वेळीं पुण्यांत टेलिफोन लावीत बसलों होतों.

बोलणें ओटीवर चाललें होतें आणि काकू माजघरांत तांदूळ निवडीत होत्या. त्या घरांत ओटीवरचें माजघरांत ऐकूं येत नाहीं असें कांहींच नाहीं. त्या सूप हातांत घेऊन दारांत आल्या. त्यांनीं वयाचा उल्लेख केला नाहीं. त्यांनीं विचारलें, “तो स्वस्तांतला खांब रंगवायचा कोणीं?”

“दोन वर्षांनीं एकदां, काकू. कोणी गडी बघून...”

“गडी कुठला? सुपारी काढायला माणूस मिळत नाहीं. गेल्या साली पन्हळी साफ करायला श्रावण उजाडला. आणि कुजून मोडला, तर तो बदलायला तुम्ही दोघे याल?” एवढें बोलून त्या आंत गेल्या.

यांत पंचवीस वर्षांचा प्रश्नच नव्हता. ज्या खांबाकडे कोणी पाहणार नाहीं तो खांब आपला आपण टिकला पाहिजे, एवढाच मुद्दा होता. शहरांत गच्चीवर पॅनेलें लावणाऱ्यास वर्षाकाठीं रंगारी बोलावतां येतो. खेड्यांतल्या एकट्या बाईस तो येत नाहीं, म्हणून जो माल कमी निगा मागतो तोच तिच्या दृष्टीनें स्वस्त ठरतो. बंधूंनीं थोडा वेळ दाराकडे पाहिलें आणि दुसऱ्या दिवशीं दुकानदारास पैसे त्यांनींच दिले. घराचें पुढें काय, हा प्रश्न मात्र होता तेथेंच आहे.

बाकीचें काम थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. वीस फुटी पाइपाचे साडेआठ आणि साडेअकरा फूट असे दोन तुकडे केले. आंखूड दक्षिणेस, लांब उत्तरेस. अंगणाखालीं हातभरावर जांभा लागला. जांभा खणतांना मऊ लागतो आणि वाऱ्यावर राहिला कीं कठीण होतो, तेव्हां गड्यांनीं खड्डे एका दिवसांत पुरे केले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल अशा प्रत्येक खड्ड्यांत आठशें किलोंच्या वर काँक्रीट बसतें. चारहि मिळून बत्तीसशें किलो. सोळाशें किलोंच्या ओढीस हें दुप्पट झालें. ठेकेदाराच्या अंदाजांत खड्डा दीड फुटाचा होता. या सबंध कामांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त माल कोणता असें कोणी विचारील तर आम्ही खडी आणि वाळू यांचें नांव घेऊं. पाइपावर वेल्डिंग शक्य तितकें टाळलें, कारण वेल्डिंगच्या आंचेनें जस्त जळून जातें आणि गंज नेमका तेथूनच आंत शिरतो. आडव्या दांड्या पाइपाभोंवतीं कवटाळणाऱ्या पट्ट्यांनीं आणि बोल्टांनीं आवळल्या. जेथें करवत लागली तेथें जस्ताचा रंग दोनदां दिला. पाइपाचें वरचें तोंड टोपणानें बंद केलें, नाहींतर पावसाचें पाणी आंत सांचून खांब आंतल्याआंत कुजतो. जमिनीलगत काँक्रीटचा चबुतरा सहा इंच वर घेऊन त्याला बाहेर उतार दिला. खांब नेहमीं जेथें माती, पाणी आणि हवा तिन्ही भेटतात तेथें मरतो, असें गवंड्यानें सांगितलें. त्याचे शब्द आम्हांस इतके आवडले कीं आम्हीं ते तेथल्यातेथें टिपून घेतले. काँक्रीटवर आठ दिवस पाणी मारण्याचें काम काकूंनीं आपल्याकडे घेतलें आणि गवंड्यानें सांगितलें होतें त्याच्या दुप्पट वेळां मारलें.

पॅनेलें चढलीं, तारा जोडल्या, पंप चालला. जमिनींत तांब्याची पट्टी पुरून विजेच्या कडकडाटाचीहि सोय केली. फाल्गुनांत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां पुढच्या दोन खांबांमध्यें काकूंनीं वाळवणाची दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर दोन लुगडीं व एक पंचा असे उन्हांत वाळत होते. हा भार आमच्या हिशेबांत धरलेला नव्हता. आम्हीं दोरीची गांठ तपासून पाहिली. जस्तावर दोरी घासूं नये म्हणून तिच्याखालीं जुन्या लुगड्याची पट्टी त्यांनीं आधींच गुंडाळली होती.